रात्री पानं भिजवून ठेवतेस ना?

"आपा, अस्सलामु अलैकुम. मी निपाणीची. वय त्रेचाळीस. घरात बसून विड्या वळते. आमचे हे टेम्पो चालवत होते. दोन वर्षांपूर्वी तवंदी घाटात अपघात झाला, पायात सळी घातली, तेव्हापासून घरातच आहेत. फायनान्सच्या दोन गटांचे हप्ते चालू आहेत. मुलगा सेकंड पी.यू.सी.ला (बारावीला) दोन विषयांत गेला आणि आता कोणाशी बोलत नाही. नणंद म्हणते, हे घर घेतल्यापासून सगळं उलटं चाललंय, घरच मनहूस आहे. एक बाबा सात हजारांत उतारा करतो म्हणे. शेजारच्या बाजी इज्तेमाला (धार्मिक मेळाव्याला) जातात. त्या म्हणतात, मोमिन कधी नाउमेद होत नाही, तू रडतेस म्हणजे तुझा ईमान कच्चा. नमाज मी सोडत नाही. पण फजरला (पहाटेच्या नमाजला) उठते तेव्हा छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतं. उमेद ठेवायची, हे मलापण माहीत आहे. ती आणायची कुठून? बाजारात किलोवर मिळते का? आम्ही कमनशिबी, दुसरं काय. रोज रात्री पानं भिजवते आणि पडून राहते. मला अहो-जाहो करू नका, लहान बहीण समजा."

वअलैकुम अस्सलाम.

लहान बहीण म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. पण आधी त्या बाजींचं बघू दे. तुझं बाकीचं पत्र वाचून वाईट वाटलं, त्यांचं वाक्य वाचून मात्र राग आला.

रडण्याने ईमान कच्चा ठरत असेल, तर हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचं काय करायचं? सूरह यूसुफ काढ आणि चौऱ्याऐंशीव्या आयतीपासून चार आयती तर्जुम्यासकट सावकाश वाच. यूसुफ या हरवलेल्या मुलाच्या दुःखाने नबीचे (पैगंबरांचे) डोळे पांढरे झाले असं तिथे लिहिलंय. घरचे लोक त्यांना काय म्हणतात तेही आहे: तुम्ही यूसुफ-यूसुफ करत झिजून मराल. म्हणजे बाजी तेव्हाही होत्या! त्यावर याकूब म्हणतात, मी माझं दुःख आणि माझी व्यथा अल्लाहपुढे मांडतोय. आणि सत्त्याऐंशीव्या आयतीत तेच डोळे गेलेले म्हातारे बाप मुलांना सांगतात: जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, आणि अल्लाहच्या रहमतीपासून (दयेपासून) निराश होऊ नका.

या आयतीचा मागचा अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, वयाजमध्येही (प्रवचनातही) तोच ऐकू येतो. मी मराठी शाळेत बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं, त्यामुळे माझी नजर वाक्यात आधी काय आलंय इकडे जाते. आधी आलंय "जा, शोधा". बापाने मुलांच्या हाती काम दिलं आणि मग उमेदीचं बोलले. उमेद कुठून आणायची असं तू विचारतेस, मला ती तिथे सापडली. ती आधी मनात उगवते आणि मग माणूस उठतो, असं नेहमी होत नाही. बहुतेक वेळा माणूस कुरकुरत उठतो, काहीतरी करायला घेतो, आणि ती मागून येते. कधी बऱ्याच उशिरा येते.

आपल्या रसूलुल्लाहांचा (स.), म्हणजे पैगंबरांचा, तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्हीसुद्धा? असं एका सहाबींनी (त्यांच्या सोबत्यांपैकी एकांनी) विचारलं. त्यांनी उत्तर दिलं की ही रहमत आहे. डोळे पाझरतात, मन दुखतं, पण तोंडाने आम्ही आमच्या रब्बला राजी करेल तेवढंच बोलतो. बघ, डोळ्यांना मुभा आहे, मनालाही आहे. सांभाळायला सांगितलंय ते तोंड.

आता त्या तोंडाबद्दल, म्हणजे नणंदबाईंबद्दल बोलू.

इस्लामच्या आधी अरबांची एक रीत होती. प्रवासाला निघायचं तर पक्षी उडवून बघायचा. उजवीकडे गेला तर चांगलं, डावीकडे गेला तर सामान उतरवून परत घरात. अरबीत पक्ष्याला तैर म्हणतात, त्यावरून असल्या अपशकुनाला तियरा म्हणायला लागले. आपल्याकडे पक्षी उडवत नाहीत, पण मांजर आडवं जातं, पाल चुकचुकते, निघताना कोणीतरी शिंकतं. धर्म कोणताही असो, या बाबतीत बेळगावपासून निपाणीपर्यंत सगळे सख्खे भाऊ. रसूलुल्लाह म्हणाले, तियरा काही नाही; मला फाल आवडतो. फाल म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाले: तुमच्यापैकी कुणाच्या कानावर पडलेला चांगला शब्द. ही हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी शरीफ या हदीससंग्रहात आहे.

म्हणजे अपशकुन काढून टाकला आणि शुभ शब्द ठेवला. तराजूचं एक पारडं काढून घेतलं म्हण ना. बुद्धीला हे बरोबर वाटत नाही, दोन्ही सारखेच की! पण जरा विचार केला की कळतं. वाईट शकुन माणसाला परत घरात बसवतो. चांगला शब्द त्याला पुढे ढकलतो.

हे करून दाखवल्याचा एक प्रसंग आहे. वर्ष ६२८, हुदैबिया. सुमारे चौदाशे माणसं उमऱ्याला (मक्केच्या छोट्या यात्रेला) निघालेली, कुर्बानीची जनावरं सोबत, आणि मक्केच्या दाराशी त्यांना अडवलं. मक्केतल्या कुरैश टोळीचे मध्यस्थ एकामागून एक आले, बोलणी काही जुळेनात. मग सुहैल बिन अम्र आला. समोरच्या बाजूचा कसलेला बोलणारा माणूस. त्याला लांबून येताना पाहून रसूलुल्लाह आपल्या लोकांना म्हणाले, आता तुमचं काम सोपं झालं. का? तर सुहैल हे नाव ज्या सहल शब्दावरून आलंय त्याचा अर्थ सोपं, सुलभ. (आपल्या मराठीत सहल म्हणजे शाळेची ट्रिप. मुलांना हा शब्द सांगितला की वर्ग हसायचा.) येणारा विरोधी पक्षाचा, आणि यांनी त्याच्या नावातून आपल्यासाठी चांगला शब्द उचलून घेतला.

काम लगेच सोपं झालं असं मात्र समजू नकोस. सुहैलने कागदावरून "रसूलुल्लाह" हा शब्द पुसायला लावला. या वर्षी परत जा, पुढच्या वर्षी या, तीन दिवस राहा, अशा अटी घातल्या. हजरत उमर यांच्यासारखा माणूस अस्वस्थ होऊन विचारत होता की आपण हक्कावर नाही का? करार झाल्यावर रसूलुल्लाहांनी सांगितलं, उठा, कुर्बानी करा, डोक्याचं मुंडण करा. कोणी उठेना. तीनदा सांगितलं तरी कोणी उठेना. इतकी ती माणसं खचली होती, आणि ती सहाबा होती गं! बाजींना हे सांग.

रसूलुल्लाह तंबूत आले. आत त्यांच्या पत्नी बीबी उम्मे सलमा होत्या. त्यांनी सल्ला दिला: बाहेर जा, कोणाशी एक शब्द बोलू नका, आपलं जनावर कुर्बान करा आणि न्हाव्याला बोलावून डोकं करून घ्या. त्यांनी तसंच केलं. ते बघून चौदाशे माणसं उठली आणि एकमेकांची डोकी करायला लागली. परतीच्या वाटेवर सूरह फतह उतरली आणि तिने त्या दिवसाला उघड विजय म्हटलं. मक्का हाती आली ६३० साली, आणि त्यानंतर तो सुहैलसुद्धा मुसलमान झाला.

मी ही गोष्ट इतकी लांबवली ती तुझ्या मुलासाठी. त्याच्याशी निकालाबद्दल बोलणं घरात ठरवून बंद करा. उपदेश तर अजिबात नको. कर्नाटकात आता पी.यू.सी.च्या एका वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात. पहिलीत राहिलेल्यांना पुढची असते. म्हणजे त्याचं वर्ष गेलंय, असं धरून बसायचं कारण नाही. तू स्वतः कॉलेजात जा, पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख आणि फी विचारून ये. घरी येऊन चिठ्ठी जेवायच्या ताटाशेजारी ठेव आणि आपल्या सुपाजवळ जाऊन बस. उम्मे सलमांची युक्ती ही. त्या दिवशी नाही उठला तर तिसऱ्या दिवशी उठेल.

आणि घरात त्याला काय म्हणून हाक मारतात? तू लिहिलं नाहीस, पण पत्रात स्वतःला "कमनशिबी" म्हणालीस, तेव्हा घरात काय चालत असेल याचा मला अंदाज आहे. रसूलुल्लाहांनी लोकांची वाईट अर्थाची नावं बदलली आहेत. आसिया, म्हणजे अवज्ञा करणारी, या नावाच्या बाईचं नाव जमीला ठेवलं. हज्न नावाच्या एका माणसाला (हज्न म्हणजे खडकाळ, खडबडीत जमीन) म्हणाले, तू सहल. पुन्हा तोच शब्द! तो म्हणाला, बापाने ठेवलेलं नाव मी बदलणार नाही. पुढे त्याचा नातू सांगायचा, तो खडबडीतपणा आमच्या घराण्यात राहिलाच. मनहूस, पनवती, कमनशिबी, नापास: हे चार शब्द घरातून काढायचे. काढले की हप्ते कमी होतील, असं मी म्हणत नाही. हप्ते भरायला ज्यांनी उठायचंय त्यांच्या पायात ते घोटाळणार नाहीत, एवढंच.

आमचे अब्बा यात पटाईत. खडे बाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं सुई-दोरा-बटणांचं खोकं होतं. एका पावसाळ्यात रात्रीतून पाणी शिरलं आणि उधारीची वही भिजून लगदा झाली. अब्बांनी ती उचलून बघितली आणि म्हणाले, "चलो अच्छा हुआ, अब किसीसे झगडा नै." अम्मी दारातून म्हणाली, "और अपने कू जिनका देना है, उनकी बही भी भीगी क्या?" अब्बा हसले, आम्हीही हसलो. पण दुपारी ते कोरी वही घेऊन बसले आणि आठवेल तशी नावं लिहायला लागले. संध्याकाळपर्यंत चार शिंपी आपणहून येऊन आपापला आकडा सांगून गेले. दोन आले नाहीत, त्यांची नावं अम्मीला शेवटपर्यंत आठवत होती. अब्बांच्या त्या वाक्याला मी फाल म्हणते. पण अम्मीचा प्रश्न नसता तर नुसत्या वाक्याने घर बुडालं असतं, हेही मला मान्य आहे.

म्हणून आता अम्मीचा प्रश्न. कर्ज.

एक सहाबी उंट मोकळा सोडू का बांधू, असं विचारायला आले, तर उत्तर मिळालं: बांध आणि मग तवक्कुल कर, म्हणजे अल्लाहवर भरवसा ठेव. तुझा उंट म्हणजे ते हप्त्याचं कार्ड. दोन्ही गटांची कार्डं, शिल्लक रक्कम आणि घरात महिन्याला येणारा पैसा एका कागदावर लिहून काढ. रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक मिळकतीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, आणि सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करून तगादा लावायचा नाही. दमदाटीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये वेगळा कायदाही आणलाय. कार्डावर तक्रारीचा नंबर असतो, तो बघून ठेव. हप्ता बुडव असं मी सांगत नाही, कर्ज फेडणं हे आपल्या दीनमध्ये फार मोठं ओझं मानलंय. मुदत वाढवून मागणं मात्र लाज वाटण्याचं काम नाही. सूरह बकरहमध्ये अल्लाहच म्हणतो, कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवलत मिळेपर्यंत मुदत द्या.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही, तरी लिहिते. जकात (दरसाल काढायचं सक्तीचं दान) कोणाला द्यायची ते सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत सांगितलंय. आठ प्रकारचे लोक आहेत, त्यात कर्जात बुडालेले वेगळे मोजलेत. तुझ्या गल्लीत जकात काढणारी घरं आहेत. मशिदीच्या जमातवाल्यांपुढे हिशोबाचा तो कागद ठेव, किंवा ह्यांना ठेवायला सांग. मागताना मान खाली घालायची गरज नाही, तो तुमचा हक्क म्हणून लिहिलाय. आणि विडी कामगाराचं ओळखपत्र तुझ्याकडे आहे ना? नसेल तर काढ. त्यावर दवाखान्याची सोय असते आणि मुलांच्या शिक्षणाला केंद्राची शिष्यवृत्ती मिळते. मुलगा पुढे शिकायला लागला की हे लागणार. (विडीचं काम मकरूह, म्हणजे धर्माला नापसंत, की काय, हा वाद तुला कोणी ना कोणी ऐकवतच असेल. ज्याला तो घालायचाय त्याने आधी तुला दुसरं काम द्यावं.)

हे असले कागद काढणं, रांगेत उभं राहणं, भांडणं तुमच्या गावाला नवीन नाही. १९८० च्या दशकात निपाणीच्या विडी आणि तंबाखू कामगार बायकांनी संघटना बांधली, मजुरीसाठी मोर्चे काढले. तुझ्या आईच्या वयाच्या बायका. त्यांना विचार, सकाळी मोर्च्याला जाताना मनात उमेद होती का. एकीने मला सांगितलं होतं, "उमेद कसली, पाय दुखत होते."

एक दुआ आहे, नमाजीनंतर म्हणत जा. अल्लाहुम्म इन्नी अऊजु बिक मिनल हम्मि वल हजन. हम्म म्हणजे पुढच्याची काळजी, हजन म्हणजे मागच्याचं दुःख. पुढे त्यात हतबलता येते, आळस येतो, कंजूषपणा, भित्रेपणा, आणि शेवटच्या दोन गोष्टी ऐक: कर्जाचा बोजा आणि माणसांची दडपशाही. मी लहानपणापासून ही दुआ म्हणत आले, पण हे शेवटचे शब्द मला कळले ते आमच्या गल्लीत वसुलीवाल्यांच्या मोटारसायकली उभ्या राहायला लागल्या तेव्हा. रसूलुल्लाह स्वतः ही दुआ मागायचे. ज्यांनी ती मागितली त्यांनी काळजी आणि कर्ज एका दमात, एका वाक्यात ठेवलंय. तुझी छाती दाटते तेव्हा ती तुझ्या ईमानाची तपासणी नसते गं, हप्त्याचा दिवस असतो.

"बेशक तंगीसोबत आसानी आहे" ही आयत मी मुद्दाम वर घेतली नाही. ती लोक लग्नाच्या पत्रिकेसारखी वाटत सुटतात, तुला आत्तापर्यंत दहा जणींनी पाठवली असेल. एवढंच सांगते की तिथे "नंतर" असा शब्द नाही, "सोबत" आहे. आणि ती लागोपाठ दोनदा आलीय.

छातीवरच्या पाट्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. झोप येत नाही, पहाटे जाग येते, जेवण जात नाही, असं आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर ते फक्त दुःख नसेल, आजार असू शकतो. अल्लाहने असा आजार उतरवला नाही ज्याची दवा उतरवली नाही, हीसुद्धा हदीसच आहे. मनाच्या आजाराला त्यातून कोणी वगळलेलं नाही. सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६. फुकट आहे, रात्रीही लागतो. धारवाडला सरकारी मनोरुग्ण संस्था आहे, कोल्हापूर तर तुला त्याहून जवळ. आणि ह्यांनाही विचार. दोन वर्षं पाय घेऊन बसलेला ड्रायव्हर रात्री काय विचार करत असेल, ते तुझ्या पत्रात एका ओळीतही नाही.

आता तुझी ती शेवटून दुसरी ओळ. "रोज रात्री पानं भिजवते आणि पडून राहते." तू ती अशीच लिहून गेलीस. मी मात्र तिथे अडकले.

विडीचं पान कोरडं असलं की कात्री लावताच तडकतं, हे तू मला शिकवायला नको, लहानपणी मी मावशीकडे बसून पत्र्याच्या मापाने पानं कापली आहेत. आदल्या रात्री भिजवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची, तेव्हा कुठे सकाळी हाताखाली वळतात. उद्या तंबाखू किती मिळेल, ते रात्री तुला माहीत नसतं. मजुरी कापतील का, छाट (नापसंत विड्या) किती काढतील, उद्या हात चालेल का, काहीच माहीत नसतं. छातीवर पाटा असतो. तरी तू उठून पाणी मारतेस.

रसूलुल्लाहांची एक हदीस आहे: कयामत येत असली आणि तुमच्या हातात रोप असलं, तर जमलं तर ते लावून टाका. लावणाऱ्याच्या मनात तेव्हा आनंद असावा, अशी अट त्यात घातलेली नाही. फक्त रोप लावायला सांगितलंय.

तू विचारलंस, ती बाजारात मिळते का. तुझ्या घरात ती गोणपाटात गुंडाळून ठेवलेली आहे. तू तिला उमेद म्हणत नव्हतीस, एवढंच.

नणंदबाईंना माझा सलाम सांग. त्यांचा जीव तुमच्यासाठी तुटतोय म्हणून त्या बाबा शोधतात, तेव्हा भांडू नकोस. त्यांना म्हण, आपा म्हणाली उतारा नको. ते सात हजार त्या खरंच देणार असतील तर त्यातून मुलाच्या परीक्षेची फी भरू दे आणि उरलेल्यात ह्यांचा पाय पुन्हा एकदा दाखवून आणू दे. सळी घालून दोन वर्षं झाली, ती काढायची की ठेवायची हे डॉक्टरला विचारलंय का कोणी?

फॉर्म भरला की दोन ओळी टाक.